भामरेकाकांचं ग्राफिक्स कार्ड

भामरेकाका आमच्या घरी आले की आधी भिंतीला भेटतात, मग माणसांना. दार उघडून "या, बसा" म्हणायच्या आत त्यांच्या शर्टाच्या खिशातून टेस्टर बाहेर आलेला असतो. चारचौघांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला टेस्टर. तो हॉलमधल्या बोर्डाच्या भोकात जातो, आतला इवलासा दिवा लाल होतो, काका समाधानाने मान हलवतात आणि मग आमच्याकडे वळून म्हणतात, "हं. काय म्हणता मॅडम?" दिवा जरा मंद लागला तर तेवढंही विचारत नाहीत. सरळ स्वयंपाकघरातल्या बोर्डाकडे जातात.

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीत ते बरोबर आमच्या डोक्यावर राहतात. मूळचे सटाण्याकडचे. अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे फोरमन होते. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने शाल दिली, श्रीफळ दिलं, पण मशिनं काही दिली नाहीत. त्यामुळे मेंटेनन्स करायला त्यांच्या हाताशी आमची सोसायटी तेवढी उरली.

जगातल्या यच्चयावत दुखण्यांची त्यांच्या मते दोनच कारणं आहेत. एक लोड आणि दुसरं लूज कनेक्शन. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, तो लोड. आमचे सेक्रेटरी शिरसाठ मीटिंगमध्ये एक बोलतात आणि वहीत दुसरंच लिहितात, ते लूज कनेक्शन. माझ्या नवऱ्याचं निदान त्यांनी पहिल्याच भेटीत करून टाकलं होतं.

"मॅडम, तुमचे मिस्टर सिंगल फेज आहेत. वाईट वाटून घेऊ नका. चांगला माणूस आहे. पण एक पंखा, एक ट्यूब. त्याच्यावर गिझर टाकायचा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे एका टायमाला एकच काम सांगायचं."

इतक्या वर्षांच्या संसारात माझा नवरा मला इतक्या सोप्या भाषेत कोणीच समजावून सांगितला नव्हता. माझी स्वतःची फेज काकांनी अजून सांगितलेली नाही आणि मीही ती विचारत नाही. मी शाळेत भूगोल शिकवते. काही प्रदेश अज्ञात राहिलेले बरे असतात.

तर या माणसाने, म्हणजे जो संडासात झिरोचा बल्ब लावतो आणि फ्रिज उघडून विचार करत उभ्या राहणाऱ्यांवर खेकसतो त्या माणसाने, गेल्या वर्षी एकाएकी नवा कोरा कॉम्प्युटर घेतला. साधासुधा नव्हे. खोकी वर न्यायला आमच्या सिंगल फेजला बोलावलं होतं, त्याने खाली येऊन सांगितलं की आत विटेएवढं एक कार्ड आहे, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात, त्याला स्वतःचे पंखे आहेत आणि ते एकटंच इतकी वीज खातं की त्याला पॉवर सप्लायमधून वेगळी केबल द्यावी लागते.

"काकांना कशाला हवंय ते?" मी विचारलं.

"म्हणाले, काम आहे."

काम कसलं ते शिरसाठांनी ओळखलं. भामरे शेअर बाजारात उतरले. दार लावून बसतात, रविवारी संध्याकाळी फोन उचलत नाहीत, आणखी पुरावा काय पाहिजे? रविवारी बाजार बंद असतो हे त्यांना कोणीतरी सांगितलं, तर म्हणाले, "इथला बंद असेल. भामरे बाहेरचा खेळतात."

मला मात्र वेगळीच शंका होती. काका अधूनमधून जिन्यात थांबवून मला भलतेच प्रश्न विचारत. एकदा म्हणाले, "मॅडम, हँबर्गवरून म्युनिकला जायचं तर मधे घाट लागतो का हो?"

मला वाटलं, युरोपच्या सहलीला निघालेत. मी म्हटलं, "मधे थोडा डोंगराळ भाग आहे."

"कसारा घाटासारखा?"

"नाही हो, तेवढा नाही."

"मग लोड घेऊन निघू," असं म्हणून ते वर गेले. सहलीला जाणारा माणूस बॅग घेऊन निघतो, लोड घेऊन कशाला निघेल, हे मला खटकलं होतं. पण काकांच्या तोंडी लोड हा शब्द एरवीही इतका असतो की मी सोडून दिलं.

खंडेनवमीला त्यांनी आम्हाला प्रसादाला बोलावलं. कारखान्यात या दिवशी मशिनांची पूजा होते. काकांनी ती प्रथा घरी सुरू ठेवली आहे. पाटावर पक्कड, हातोडी, मल्टिमीटर, नट आवळायचे पाने, सगळं घासूनपुसून मांडलेलं. त्याच्या शेजारी या वर्षी कॉम्प्युटर, बाजूचं झाकण काढलेला, गळ्यात झेंडूची माळ. "झाकणाला कुंकू लावून काय उपयोग?" काका म्हणाले. "कपड्यांना नमस्कार करतं का कोणी? उघडं करायचं आणि जिथनं करंट आत शिरतो तिथं पूजा करायची." कार्डाची केबल उपसून, तिच्या तोंडाला हळदकुंकू वाहून, अक्षता टाकून त्यांनी ती पुन्हा जागेवर बसवली. आम्ही पेढा खाऊन खाली आलो.

त्यानंतरच्या रविवारपासून कॉम्प्युटर आजारी पडला.

आजार मोठा विचित्र. चालू व्हायचा, फोटो दाखवायचा, बातम्या दाखवायचा, म्हणजे किरकोळ खाणं सगळं पचायचं. पण काकांनी त्यांचं ते "काम" सुरू केलं रे केलं की पडदा काळा, कार्डाचे पंखे मिक्सरसारखे घुरघुरायला लागायचे आणि मग सगळं ठप्प. "पंगतीला बसवलं की याला चक्कर येते," काका म्हणाले. निदान झालेलंच होतं. लोड.

ते यंत्र रिक्षात मांडीवर घेऊन एम. जी. रोडवरच्या दुकानात गेले. दुकानदाराने स्वतःचा पॉवर सप्लाय आणि स्वतःची केबल लावून कार्ड चालवून बघितलं. तास न् तास चाललं. तो म्हणाला, "काका, कार्ड ठणठणीत आहे. ठेवून जा, बाकीचं उद्या बघतो." पण काका वस्तू दुरुस्तीला ठेवून जात नाहीत. "ठेवली की परत येते ती निम्मी येते," असा त्यांचा अनुभव आहे. शिवाय त्यांना उत्तर सापडलं होतं. घरी येऊन त्यांनी मला ते जिन्यातच सांगितलं.

"एम. जी. रोडला चालतं. पाथर्डी फाट्याला चालत नाही. म्हणजे दोष कोणाचा?"

"कोणाचा?"

"पाथर्डी फाट्याचा. सोपं आहे."

आणि त्यांनी पाथर्डी फाटा दुरुस्त करायला घेतला. सुरुवात अर्थिंगपासून. बिल्डिंगचा अर्थिंगचा खड्डा बागेच्या कोपऱ्यात आहे. काकांनी त्यात पोतंभर मीठ ओतलं, कोळसा भरला आणि रोज सकाळी तिथे बादलीने पाणी घालायला लागले, तेही वटसावित्रीला बायका घालतात तितक्या श्रद्धेने. आठवडाभरात त्या कोपऱ्यातला शिरसाठांचा मोगरा वाळला. शिरसाठ हळहळले, तर काका म्हणाले, "झाडाचं जाऊ द्या, आता तुमचा गिझर शॉक देणार नाही." गिझर आधीही देत नव्हता.

मग मोहीम सुरू झाली ती लोडची. रविवारी संध्याकाळी काका मजल्यामजल्यावर फिरले. सहा ते सात गिझर बंद, इस्त्री बंद, मिक्सर बंद. थंडी नुकतीच पडायला लागली होती, पण माणूस वयाने मोठा, त्यात एकटा, काकू जाऊनही आता बरेच दिवस झालेले. लोकांनी ऐकलं. अख्खी बिल्डिंग तासभर गार पडून राहिली. साडेसहाला वरून पंख्यांची घुरघुर ऐकू आली आणि थांबली. कॉम्प्युटर आडवाच.

काका म्हणाले, कोणीतरी चोरून गिझर लावला असणार. तिथे लोकांचा तोल सुटला. गच्चीवर मीटिंग झाली. शिरसाठ मोगऱ्याचं दुःख बाळगून होतेच. ते म्हणाले, "भामरे, तुमच्या शेअर बाजारापायी आमच्या बायकांनी चटणी वाटायची नाही का?"

आता काका यांना लूज कनेक्शन म्हणतील, मग शिरसाठ चिडतील, असा आम्हा सगळ्यांचा अंदाज होता. पण काका उठले आणि खाली गेले. भामरेकाका वादातून उठून जातात हे आम्ही प्रथमच पाहत होतो. त्यानंतर काही घरांनी त्यांना दार उघडणंच बंद केलं.

मीही तशी रागातच होते. सासूबाईंची गरम पाण्याची पिशवी त्या दिवशी गार राहिली होती आणि त्याबद्दल दोन शब्द सुनवायला मी वर गेले. दार उघडंच होतं. जेवणाच्या टेबलावर टॉवेल झाकलेलं काहीतरी गोल होतं. मला बघून काकांनी टॉवेल आणखी नीट झाकायला घेतला, तर तो पडला. खाली एक स्टिअरिंग होतं. टेबलाला क्लॅम्पने आवळलेलं.

"हे काय काका?"

त्यांना खोटं बोलायचा सराव नाही. त्यांनी टॉवेल उचलून खुर्चीवर टाकला, मग म्हणाले, "ट्रक चालवतो मी."

आणि मग सगळं बाहेर आलं. त्यांचा मुलगा नितीन जर्मनीत असतो. कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा एक खेळ आहे. दर रविवारी नितीन तिकडून ट्रक काढतो, काका इकडून. रस्ते युरोपचेच. नितीन पुढे, काका मागे. कानाला हेडफोन लावायचा आणि गाडी हाकता हाकता बोलायचं.

"माल असतो गाडीत," काका म्हणाले. "परवा त्याच्याकडं फर्निचर होतं, माझ्याकडं टोमॅटो. कांदा देत नाहीत हो हे लोक न्यायला. मी खूप शोधला."

मला हसू आवरेना. "अहो, मग फोनवर बोला की. त्याला एवढं कार्डबिर्ड कशाला?"

"फोन हे त्याच्या आईचं डिपार्टमेंट होतं," ते म्हणाले. "ती बोलायची. मी मागनं ओरडायचो, विचार त्याला, थंडी आहे का. ती गेल्यावर फोन माझ्याकडं आला. 'जेवलास?' 'जेवलो.' 'थंडी?' 'आहे.' झालं. मग दोघंही गप्प. तो म्हणायचा, 'ठेवू?' मी म्हणायचो, 'ठेव.' गाडीवर तसं होत नाही मॅडम. गाडीवर गप्प बसलं तरी चालतं. रस्ता चालू असतो ना."

मी खुर्ची ओढून बसले. पाण्याची पिशवी माझ्या डोक्यातून गेली होती.

"आणि गंमत सांगू? लहानपणी हा दिवसभर कॉम्प्युटरवर असलंच काहीतरी खेळायचा. मी घराचा मेन फ्यूज काढून खिशात टाकायचो आणि ड्युटीला जायचो. पंखा बंद, फ्रिज बंद, हिचा मिक्सर बंद. सांगायचो, अभ्यासाला लाइट लागत नाही, खिडकी लागते. आता तोच मला शिकवतो, आबा, क्लच नाही यात, नुसता गिअर टाका."

"मग शिरसाठांना सांगायचं ना हे. त्यांना वाटतंय शेअर बाजार."

"वाटू द्या. शेअर बाजारात बुडालेल्या माणसाला निदान मान असतो. या वयात गेम खेळतो म्हणून कसं सांगू?"

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी, गाडी लावता लावता, नितीन म्हणाला होता, "आबा, एक सांगायचंय. पुढच्या रविवारी सांगतो." पुढचा रविवार आला आणि कार्ड पडलं. काकांनी फोन करून विचारलं. तो म्हणाला, "काही नाही, असंच. गाडीवर बोलू." कार्डाबद्दल त्यालाही काही सुचवता येईना, यांनाही कार्ड नीट करता येईना. परत विचारलं तर परत तेच. गाडीवर बोलू.

"काय असेल हो मॅडम?" काका म्हणाले. "नोकरी गेली असेल? आजारी असेल?"

"लग्नबिग्न ठरवलं असेल," मी म्हटलं.

"तसं असेल तर मी पेढे वाटीन. पण आवाज तसा नव्हता. व्होल्टेज कमी होतं."

इतक्या दिवसांत मी काकांवर हसले होते, चिडले होते, पण त्यांची कीव कधी आली नव्हती. त्या क्षणी आली, आणि कीव येण्याजोगं त्या माणसात काहीच नाही हेही कळत होतं. मला फार वाईट वाटलं. तिकडे एक मुलगा काहीतरी मनात धरून बसलाय, इकडे बाप ते ऐकायला मीठ ओततोय, कोळसा भरतोय, बिल्डिंगभर शिव्या खातोय.

पुढच्या रविवारी संध्याकाळी काकांनी मला वर बोलावलं. टॉर्च धरायला. दुसरं कोणी उरलंच नव्हतं. गिझर बंद करा असं या वेळी त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं, आणि खालून कुठूनतरी मिक्सरचा आवाज येत होता. झाकण काढलेला कॉम्प्युटर टेबलावर आडवा होता. काकांनी प्लग काढला, टेस्टर लावून प्लग काढल्याची खात्री केली आणि कार्डाची केबल उपसली. फुंकली. पुसली. परत बसवली. चालू केलं. काम सुरू केलं. पडदा काळा.

पुन्हा उपसली, पुन्हा फुंकली. "दाबून बसतच नाही नीट," ते पुटपुटले. "पहिल्यापासून अशीच असेल."

मी टॉर्च जवळ नेला. केबलच्या तोंडाला दोन ओळींत चौकोनी भोकं असतात, कार्डाच्या पिना त्यांत शिरतात. एका भोकात मला काहीतरी तांबूस दिसलं. मला विजेतलं ओ की ठो कळत नाही. पण तांदूळ निवडण्यात माझी निम्मी हयात गेली आहे.

"काका, हा तांदूळ आहे."

"कुठं?"

"या भोकात. कुंकू लागलंय त्याला. इंद्रायणी दिसतोय, घोटीकडचा."

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. मग माझ्या केसांतली पिन मागितली. टोकाने अलगद उकरल्यावर तो दाणा त्यांच्या तळहातावर पडला. लालसर, टोक तुटलेला. पूजेत वाहिलेली अक्षता. ती भोकात अडकून बसली होती, त्यामुळे पिन पुरती आत शिरत नव्हती, आणि किरकोळ कामाला पुरणारी वीज खऱ्या कामाला अपुरी पडत होती. दुकानदाराने स्वतःची केबल लावली, तेव्हा अक्षता काकांच्या केबलीत तशीच राहिली.

काकांनी तो दाणा चष्म्याजवळ धरला. मी वाट बघत होते की आता ते काहीतरी तत्त्वज्ञान सांगतील.

"शिरसाठचा मोगरा उगाच मेला," ते म्हणाले.

मग त्यांनी केबल लावली. या वेळी तिचा खटका खट्कन बसला. तो आवाज ऐकल्यावर काकांनी मान खाली घातली, कारण जन्मभर मशिनं जोडलेल्या माणसाला हा आवाज इतके दिवस आला नाही हे कळायला हवं होतं. कॉम्प्युटर चालू झाला. पंखे घुरघुरले आणि नंतर शांतपणे फिरत राहिले. पडद्यावर लांबच लांब रस्ता आला, दुतर्फा हिरवी शेतं, आणि पुढे एक निळा ट्रक बाजूला उभा असलेला दिसला.

घाईघाईत काकांनी हेडफोन डोक्यावर चढवला, पण त्याची वायर जोडायची राहिली; माइक तेवढा टेबलावर वेगळा होता. त्यामुळे नितीनचा आवाज सगळ्या खोलीत आला.

"आबा? उनात का?"

"उनू, उनू," आलो आलो म्हणावं तसं काका म्हणाले.

"गाडी नीट झायी का?"

"झायी. सांगसू मंग. चाल तू पुढे."

मी काकांना अहिराणी बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आमच्यापाशी ते कारखान्याची भाषा बोलतात, टेस्टर लावल्यासारखी. ही वेगळीच होती, मऊ. मी उठायला लागले, तर त्यांनी हाताने बसा अशी खूण केली. एकट्याने ऐकायचा धीर नसावा त्यांना.

निळा ट्रक निघाला. काका त्याच्या मागे. बराच वेळ दोघंही काही बोलले नाहीत. काका सिग्नलला थांबत होते, वळणावर इंडिकेटर देत होते, मागून येणाऱ्या मोटारींना वाट देत होते. एकदा नितीन म्हणाला, "आबा, टोमॅटो का?" काका म्हणाले, "नही. सिमेंट." काकांनी विचारलं नाही. मला विचारावंसं वाटत होतं, पण काका नुसते गाडी हाकत राहिले.

एक मोठा पूल लागला. तो संपल्यावर नितीन बोलला.

"आबा, माले आठे करमत नही."

नोकरी ठीक होती. तब्येत ठीक होती. लग्नबिग्न काही नव्हतं. तिथे करमत नाही, एवढंच होतं, आणि हे एवढं फोनवर बोलायला त्या मुलाची जीभ वळली नव्हती. मी काकांकडे पाहिलं. आता लोड म्हणतील की लूज कनेक्शन म्हणतील? पोराला चार गोष्टी सुनावतील? की परत ये म्हणतील?

काकांनी इंडिकेटर दिला. ट्रक हळूहळू कडेला घेतला आणि थांबवला. पुढचा निळा ट्रकही थोडं अंतर जाऊन थांबला. काकांनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले.

"माले बी नही करमत, रे भाऊ," ते म्हणाले.